मेस्कलसाठी अगावेची टिकाऊ शेती: वाहाकातली पद्धत, मुनव्यापासून काढणीपर्यंत

महाराष्ट्रात घायपाताची ओळख करून द्यावी लागत नाही. शेताच्या बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेला, उजाड माळावर ते उभं असतं. कुठे त्याला केकताड म्हणतात. पानांचा वाख काढायचा आणि वाखाचे दोर वळायचे, एवढाच त्याचा आपल्याकडचा जुना उपयोग. या कुळाचं, म्हणजे अगावेचं, माहेर मेक्सिको. तिथले शेतकरी त्याला मागेय म्हणतात, आणि त्याच्या काही जातींचा गड्डा, म्हणजे पानं छाटल्यावर उरणारा मधला गाभा, जमिनीतल्या खड्ड्यात भाजून, कुटून, आंबवून, भट्टीत गाळून मेस्कल करतात. 1994 पासून या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, त्यामुळे दख्खनच्या घायपातापासून भारतात जे मद्य तयार होतं त्याला मेस्कल म्हणता येत नाही. मेस्कलचा सर्वांत मोठा वाटा दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून येतो. इथे दिलेली शेती तिथलीच आहे.

अगावे आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं. गड्ड्यातली साखर त्या एका फुलोऱ्यासाठी साठवलेली असते, म्हणून मेस्कलसाठी झाड फुलायच्या आधी तोडावं लागतं. म्हणजे ज्या झाडाचं मेस्कल झालं, त्याचं बी कधी धरलंच नाही. गावापुरती भट्टी होती तोवर हे निभावून गेलं. 2011 मध्ये प्रमाणित मेस्कलचं उत्पादन सुमारे 10 लाख लिटर होतं, ते 2022 मध्ये 1 कोटी 40 लाख लिटरच्या पुढे गेलं. या वाढीत डोंगरउतार साफ करून एकाच जातीच्या लांबच लांब रांगा लागल्या आणि रानातली अगावे वाढीच्या वेगापेक्षा भराभर संपू लागली. न फुलू देता तोडायच्या या पिकात कोणती झाडं, किती आणि कुठे फुलू द्यायची, हे ज्यानं ठरवलं त्याचीच शेती टिकते. पुढची प्रत्येक पायरी त्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

हिशेब आधी, खड्डे नंतर

सगळ्यात जास्त लावली जाणारी जात एस्पादिन, म्हणजे अगावे अंगुस्तिफोलिया. टकिलाचं निळं अगावे हे तिचंच जवळचं भावंड. एस्पादिन साधारण 6 ते 8 वर्षांत तयार होतं. एका लिटर मेस्कलला त्याचा 8 ते 12 किलो गड्डा लागतो. साखर कमी भरली, भाजणी कच्ची राहिली की आकडा वर सरकतो.

समजा भट्टीला वर्षाला 5,000 लिटर हवंय. लिटरमागे 10 किलो धरले तर 50,000 किलो गड्डे, म्हणजे 50 किलोचे 1,000. फुलायला सोडायची झाडं आणि आठ वर्षांतली मर धरून वर 200 घ्यावीत. दरवर्षी 1,200 झाडं लागणार. 3 मीटर बाय 1.5 मीटर अंतरानं हेक्टरी 2,222 झाडं बसतात, तर वर्षाला सुमारे 0.54 हेक्टर लावायचं. आठ वर्षांच्या चक्राला सव्वाचार हेक्टर, आणि तोडलेल्या जमिनीला विसावा द्यायचा असेल तर साडेपाच.

हा आकडा दरवर्षी तेवढाच ठेवणं फार महत्त्वाचं. भाव चढले की सगळे एकाच वर्षी जमेल तेवढं लावतात, सात वर्षांनी सगळ्यांचं एकदम तयार होतं आणि भाव कोसळतात. मग तोडणीचा खर्चही निघत नाही, उभं पीक शेतात फुलून कुजतं. कांद्याचा हा अनुभव आपल्याकडे आहेच. अगावेत तो फेरा सात-आठ वर्षांचा असतो, म्हणून चूक कळायला उशीर होतो आणि दुरुस्त करायला त्याहून जास्त.

एकाच जातीवर बसू नये

एस्पादिन हा कणा ठेवावा, पण बाजूला दुसऱ्या जाती हव्यात. कार्विन्स्की जातीची कुइशे, माद्रेकुइशे, बार्रिल ही उंच खोडाची अगावे वाहाकात पूर्वापार शेताच्या कुंपणाला लावतात, अगदी आपल्या बांधावरच्या घायपातासारखी. त्यांना मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिल्लंही येतात आणि बीही धरतं. मुख्य जमीन न अडवता बांधावर 12 ते 15 वर्षांचं पीक उभं राहतं. आरोकेन्यो हे अमेरिकाना जातीचं प्रचंड झाड 15 ते 20 वर्षं घेतं. त्याला जागा जास्त सोडावी.

तोबाला आणि तेपेस्ताते यांचा विचार वेगळा करावा लागतो. तोबाला (अगावे पोतातोरुम) लहान, गोल, ओकच्या सावलीत खडकाळ जमिनीत वाढणारं. तेपेस्ताते (अगावे मार्मोराता) कड्याकपारीत उगवतं आणि तयार व्हायला पंधरा ते पंचवीस वर्षं लागतात. तोबालाला मुनवे येत नाहीत, तेपेस्तातेचाही भरवसा बियांवरच. अशी दोन्ही झाडं फुलण्याआधी तोडली की मागे काहीच उरत नाही. बाजारात सर्वांत जास्त पैसे याच दोघांना मिळतात आणि रानातून सर्वांत आधी हीच नाहीशी होतात. ज्याच्याकडे बियांची रोपवाटिका नाही, त्यानं या जातींना हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुनवे काढणं

एस्पादिन तीन वर्षांचं झालं की जमिनीखालच्या मुळकांडातून भोवती मुनवे फुटतात. स्पॅनिशमध्ये त्यांना इखुएलो म्हणतात, अर्थ लेकरं. तीन ते पाच वर्षांच्या, निरोगी, जोमदार आईचेच मुनवे घ्यावेत. आठव्या वर्षी दांडा टाकायला आलेल्या झाडाचे मुनवे किरकोळ निघतात.

उंची 30 ते 50 सेंटिमीटर, बुंधा मोठ्या लिंबापेक्षा जाड, मधली सुई, म्हणजे न उघडलेल्या पानांचा कोंब, ताठ. खालच्या पानाच्या बुडाशी भोक, डिंकासारखा स्राव किंवा तांबूस डाग दिसला तर तो मुनवा तिथेच बाद. पहार मुनवा आणि आई यांच्या मधोमध उभी घालून मुळकांड एका घावात तोडावं. हिसका देऊन उपटलं की जखम फाटते आणि तिथूनच सड शिरते. एका आईचे सगळे मुनवे एकाच वर्षी काढू नयेत. दोन-तीन काढून बाकीचे पुढच्या वर्षी घ्यावेत.

मग येते नवख्यांकडून हमखास सुटणारी पायरी. मुनव्याची जुनी मुळं आणि वाळकी पानं छाटून तो वाऱ्याच्या, अर्धवट सावलीच्या जागी आडवा टाकावा आणि दोन ते तीन आठवडे तसाच राहू द्यावा. काप ओला असताना हात लावला तर बोट चिकटतं. वाळत आला की त्यावर चामड्यासारखा फिकट पापुद्रा धरतो आणि नखानं टोकरला तर कोरडा आवाज येतो. एवढं झाल्यावरच लावावा. ताजा काप ओल्या मातीत गेला तर फ्युजॅरियम बुरशी आणि मऊ सड करणारे जिवाणू वाट बघतच असतात. मुनवा वाळून जाईल ही भीती धरू नये, अगावे मातीबाहेर महिनाभर सहज तगतं.

लावण्याआधी मुनवे आकारानं तीन ढिगांत वेगळे करावेत आणि प्रत्येक ढीग वेगळ्या रांगांत लावावा. लहानमोठे मिसळले की काढणीच्या वेळी एकाच रांगेत दोन वर्षांचा फरक दिसतो आणि मजुरी दुप्पट होते.

बियांची रोपं

मुनवा ही आईची हुबेहूब नक्कल असते. पिढ्यान्‌पिढ्या मुनव्यांवर चाललेलं शेत दिसायला हजार झाडांचं, पण रक्तानं एक-दोन झाडांचंच असतं. हालिस्को राज्यात 1990 च्या दशकाच्या अखेरीस हेच भोवलं. एकाच वाणाच्या निळ्या अगावेत मर आणि सड पसरली, कारण एकाला जे लागलं ते सगळ्यांनाच लागत होतं. म्हणून दरवर्षीच्या लागवडीत दहातलं किमान एक रोप बियांपासून असावं. तोबाला आणि तेपेस्तातेची तर सगळीच.

फळं कोरड्या ऋतूत पिकतात. फळाला तीन कप्पे असतात, आत चपट्या बिया नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या. फळ तपकिरी झालं पण टोकाशी नुकतंच फाटू लागलं, तेव्हा तोडावं. पूर्ण उघडेपर्यंत थांबलं तर वाऱ्यावर सगळं बी जातं. हिरवं तोडलं तर बी कच्चं राहतं. आठवडाभर सावलीत वाळवून बिया पांढऱ्या कागदावर पसराव्यात. काळ्या, चकचकीत, टणक त्या चांगल्या. पांढऱ्या, कागदासारख्या पातळ बिया पोकळ असतात, त्या फुंकून द्याव्यात. काळ्यांतही काही पोकळ निघतात, नखानं दाबल्यावर त्या वाकतात. पांढऱ्या बिया फार निघाल्या तर समजावं की आसपास दुसरं फुललेलं झाड नव्हतं किंवा फुलांचे पराग नेणारी वटवाघळं आली नाहीत.

बी किमान वीस-तीस झाडांचं मिसळून घ्यावं. एकाच मोठ्या झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे एकाच दांड्यावर काम भागवायचा मोह होतो. तसं केलं तर सगळी रोपं भावंडं होतात आणि मुनव्यांचा दोष मागच्या दारानं परत येतो. कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवून पुढच्या दीड वर्षात बी वापरून टाकावं. पिशवीवर जात, गाव, महिना आणि किती झाडांचं बी ते लिहावं.

पेरणीसाठी 15 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा किंवा ट्रे. मिश्रण: दोन भाग जाड वाळू, एक भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेला अगावेचा चोथा किंवा पालापाचोळ्याचं खत. न कुजलेला चोथा घातला तर तो रोपांच्या वाट्याचा नत्र स्वतः खातो आणि रोपं पिवळी पडतात. बी एक रात्र पाण्यात भिजवून पेरावं, वर फार तर 3 मिलिमीटर वाळू. बोटभर खोल गेलेलं बी वर येत नाही. 50 टक्के सावलीची शेडनेट आणि फवाऱ्यानं ओल. आठवड्याभरात उगवण सुरू होते: हिरव्या दोऱ्यासारखं एक पातं उभं राहतं आणि टोकावर काळ्या बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते ओढून काढू नये, पातं तुटतं.

पहिल्या दोन महिन्यांत रोपं सर्वांत जास्त जातात ती कोलमडीनं. बुडाशी पाणचट होऊन पातं आडवं पडतं आणि वाफ्यात गोल टक्कल पडत जातं. कारण जवळजवळ नेहमी एकच, संध्याकाळी जास्त पाणी. सकाळी पाणी द्यावं, वरची वाळू दुपारपर्यंत कोरडी व्हायला हवी. टक्कल दिसताच त्या भागाची माती रोपांसकट काढून टाकावी.

तीन-चार पानं आली की रोप पिशवीत हलवावं. पुढे बारा ते चोवीस महिने रोपवाटिकेत. शेतात जाण्याआधी महिनाभर शेडनेट टप्प्याटप्प्यानं काढावी, नाहीतर पानांवर पांढुरके भाजल्याचे चट्टे पडतात आणि रोप वर्षभर जागचं हलत नाही. 20 ते 25 सेंटिमीटरचं, सात-आठ पानांचं रोप शेतात टिकतं.

रानात परत लावायची तोबालाची रोपं उघड्या उतारावर लावू नयेत. निसर्गात त्याची पिल्लं झुडपाच्या किंवा ओकच्या आडोशाला वाढतात, तिथे दुपारचं ऊन अडतं आणि ओल धरते. तसाच आडोसा शोधून, दगडाच्या वरच्या अंगाला जिथे माती साचते तिथे रोप बसवावं. वाहाकात डोंगर बहुतेक सामुदायिक मालकीचा, त्यामुळे रानातून किती तोडायचं आणि कुठे लावायचं हे गावसभेत ठरतं. लागवड तेकियोतून होते. तेकियो म्हणजे आपल्या श्रमदानासारखं, पण गावकऱ्याला टाळता न येणारं काम. सभेनं तोडीची जागा दरवर्षी बदलावी आणि तोडलेल्या जागी पुढची काही वर्षं कोयता बंद ठेवावा. फुललेलं झाड कुणीही तोडायचं नाही, हा नियम तर लेखी हवा.

जमीन आणि लागवड

अगावेला निचरा हवा. मुरमाड, चुनखडीची, दगडगोट्यांची जमीन चालते. पावसात चोवीस तास पाणी उभं राहणारी काळी चोपण जमीन चालत नाही. सांतियागो मातात्लानच्या आसपासच्या मध्य खोऱ्यांत ही शेती समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. पाऊस मे-जूनमध्ये सुरू होतो, जुलै-ऑगस्टमध्ये मधे एक उघडीप देतो आणि ऑक्टोबरपर्यंत संपतो.

नवी जमीन हवी म्हणून जंगल तोडू नये. तिथलं पानगळीचं रान गेलं की वटवाघळांचा आसरा आणि भट्टीचं सरपण दोन्ही जातं. पडीक, पूर्वी मका घेतलेली जमीन पुरेशी मिळते.

उतारावर रांगा वरून खाली ओढायची सवय सगळीकडे दिसते, कारण नांगर तसा सोपा चालतो. तीन-चार पावसाळ्यांत या रांगांचेच ओहोळ होतात आणि मुनव्यांची मुळं उघडी पडतात. रांग समपातळीतच धरावी. त्यासाठी ए-फ्रेम पुरते: दोन-दोन मीटरच्या दोन काठ्या, मधे आडवी पट्टी, वरून ओळंबा. पाणलोटाची कामं पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे नवीन नाही. दर पाच-सहा रांगांनंतर एक समतल चर काढावा, त्याची माती खालच्या अंगाला टाकावी आणि त्या बांधावर झाडं लावावीत.

कोणती झाडं? ग्वाखे आधी. आपल्या सुबाभळीच्याच कुळातलं हे झाड आहे. सुबाभूळही मूळची मेक्सिकोचीच, आणि वाहाका हे नाव ग्वाखेच्या नावावरून आलेलं आहे. ते हवेतला नत्र जमिनीत आणतं, शेंगा माणसं खातात, फांद्या जळणाला होतात. सोबत मेस्किते हे जळणाचं झाड. भाजणीचा खड्डा तापवायला सरपण भरपूर लागतं, आणि स्वतःचं सरपण न लावणारी भट्टी शेवटी ओकच्या रानावरच जगते.

पहिले एक-दोन पाऊस पडून जमीन वाफशावर आली की लागवड. खड्डा 30 सेंटिमीटर, त्यात दीड-दोन किलो कुजलेलं शेणखत मातीत मिसळून. मुनव्याचा बुंधा तीन चतुर्थांश मातीत, मधली सुई आणि पानांची बेचकी पूर्ण वर. बेचकीत माती गेली तर तिथे पाणी साचून गाभा सडतो. वर फार राहिला तर वाऱ्यानं कलतो आणि मुळं धरत नाहीत. टाचेनं दाबून माती घट्ट करावी, हातानं हलवल्यावर मुनवा हलता कामा नये. पुढच्या पावसाळ्यात नांग्या भरून घ्याव्यात.

मधली वर्षं

पहिली तीन वर्षं 3 मीटरच्या मोकळ्या पट्ट्यात मिल्पा घ्यावी: मका, त्यावर चढणारा घेवडा, खाली पसरणारा भोपळा. घराला धान्य मिळतं, तण दबतं, घेवड्यानं नत्र येतो. मका अगावेपासून हातभर लांब ठेवावा, दाट सावलीत अगावेची वाढ खुंटते. चौथ्या वर्षानंतर पानं पट्ट्यात येतात, काटे लागतात, तेव्हा आंतरपीक थांबवावं.

तणनाशकानं जमीन लख्ख करणं हा या शेतीतला सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट आहे. उघडी माती पहिल्या वळवाबरोबर खाली जाते. पावसाळ्यात दोन-तीनदा तण कोयत्यानं बुडाशी कापून तिथेच आच्छादन म्हणून टाकावं, झाडाभोवती फक्त हातभर घेर खुरपून स्वच्छ ठेवावा. गुरं मात्र लहान शेतात सोडू नयेत, कोरड्या महिन्यांत ती कोवळी पानं ओरबाडतात.

खरा शत्रू सोंड्या भुंगा. नारळाच्या सोंड्याचा हा काळा नातेवाईक पानाच्या बुडाशी भोक पाडून अंडी घालतो, अळ्या गड्ड्यात बोगदे करतात आणि त्या वाटेनं जिवाणू शिरून गाभा पाणीपाणी होतो. बाहेरून झाड बरेच दिवस ठीक दिसतं. ओळखायची खूण: मधली सुई जराशी कललेली आणि तिच्या बुडाशी तपकिरी चिकट ओघळ. सुई हातानं ओढली की सहज उपटून येते आणि आंबूस घाण वास सुटतो. असं झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून, चिरून, उन्हात अळ्या उघड्या पाडून जाळावं. बांधावर टाकून दिलं तर आतले भुंगे शेजारच्या रांगेत येतात.

कामगंध सापळे कडेनं लावावेत, कारण भुंगे बाहेरून आत शिरतात. बाजूला खिडक्या पाडलेली बादली, तळाला साबणाचं पाणी, आत आंबलेल्या गड्ड्याचे तुकडे आणि गंधाची वडी. पाहणीसाठी हेक्टरी एक-दोन पुरतात. तुकडे सुकले की बदलावेत, नुसत्या वडीला भुंगे कमी येतात. भुंगा जून, साखर भरलेल्या झाडाकडे ओढला जातो. म्हणून तयार झालेलं पीक भाव येईल या आशेनं शेतात ठेवणं म्हणजे शेजारच्या सगळ्या वयाच्या झाडांना धोका.

दांडा: तोडायचा कुठला, सोडायचा कुठला

झाड तयार होत आलं की मधली पानं आखूड आणि अरुंद निघू लागतात, सुई बारीक होते. त्यानंतर फुलोऱ्याचा दांडा वर येतो. त्याला किओते म्हणतात. तो दिवसाला वीतभरही वाढू शकतो आणि त्याच वेगानं गड्ड्यातली साखर ओढतो. तोडीच्या झाडाचा दांडा दिसू लागताच बुडाशी छाटावा. उशीर झाला तर गड्डा चोथट, फिका होतो. छाटलेलं झाड सहा महिने ते वर्षभर तसंच उभं ठेवतात, साखर गड्ड्यात एकवटते. याला कापोन म्हणतात, आणि जुने जाणते भट्टीवाले कापोनच मागतात.

आता फुलू द्यायची झाडं. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले वटवाघूळ-अभ्यासक रॉद्रिगो मेदेयिन यांच्या पुढाकारानं चाललेल्या कार्यक्रमात शेतातली किमान 5 टक्के झाडं फुलू देण्याचा नियम आहे. हेक्टरी 2,222 मधली सुमारे 110. हा त्याग लहान नाही: 50 किलोच्या हिशेबानं साडेपाच टन गड्डे, म्हणजे साधारण 550 लिटर मेस्कल. ते लागवडीच्या वेळीच वजा धरावं, नाहीतर आठव्या वर्षी एकही दांडा वाचत नाही.

अगावेची फुलं रात्री मध देतात. लेप्टोनिक्टेरिस वटवाघळं त्या मधावर जगतात आणि एका झाडाचं पराग दुसऱ्यावर नेतात. फुलात पराग आधी सुटतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एकाकी फुललेल्या झाडाला बी कमीच धरतं. आणि इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सोडलेली 110 झाडं एकाच आईच्या मुनव्यांची असतील तर वटवाघळांचं पोट भरेल, पण बियाण्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून लागवड करतानाच निरनिराळ्या आयांच्या रांगा नोंदवून ठेवाव्यात आणि प्रत्येकीतली काही झाडं रंगाची खूण करून सोडावीत. सगळी एका कोपऱ्यात न ठेवता शेतभर विखरावीत. बियाण्यासाठी सोडताना सर्वांत निरोगी, डौलदार झाडं निवडायची. खुरटलेली सोडून चांगली तोडली तर दर पिढीला पीक उतरतं.

पराग देऊन बी पिकल्यावर उभा वाळलेला दांडा लगेच पाडू नये. त्यात मधमाश्या आणि भुंगेरे घर करतात, आणि दांडा बांधकामालाही येतो.

भारतात करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. वाखाचं घायपात, अगावे सिसलाना, जवळजवळ बी धरतच नाही, त्याच्या दांड्यावर थेट पिल्लं लागतात. बियांची वरची पद्धत त्याला लागू नाही.

काढणी

कोरड्या महिन्यांत तोडावं. पाऊस सुरू झाला की गड्डा पाणी ओढतो, साखर पातळ होते. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं उपकरण, असेल तर गड्ड्याच्या मधल्या भागाचा रस पिळून बघावा, बुडाचा आणि टोकाचा आकडा फसवतो. पानं कोयत्यानं गड्ड्याच्या अगदी लगत छाटावीत. हिरवं बुड जास्त राहिलं तर मेस्कलमध्ये कडवटपणा उतरतो. मग पहारीनं मुळं उकरून गड्डा कलता करायचा. लांब बाह्या, हातमोजे, चष्मा ही हौस नव्हे. पानांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. मनगटावर, मानेवर त्यांनी तासाभरात आग आणि पुरळ उठतं. रस लागला तर हात पाण्यानं धुऊन तसेच कोरडे होऊ द्यावेत, घासू नयेत.

तोडलेला गड्डा चार-पाच दिवसांत खड्ड्यात जायला हवा. उन्हात ढीग पडून राहिला तर बुरशी धरते. पानं शेतातच समपातळीत पसरावीत, पण भुंग्याची खूण असलेल्या झाडांची नाही.

चोथा आणि भट्टीचं पाणी

गाळून झाल्यावर लिटरमागे दहा किलोच्या आसपास ओला चोथा आणि साधारण तेवढेच लिटर विनासा, म्हणजे भट्टीत उरलेलं आम्लयुक्त पाणी शिल्लक राहतं. साखर कारखान्यांचा स्पेंटवॉश ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. गरम, तपकिरी, सामू 4 च्या आसपास. ओढ्यात सोडलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ते अस्तर घातलेल्या टाकीत थंड करून, चुना घालून आम्लता उतरवावी आणि चोथ्याच्या ढिगावर थोडं थोडं शिंपडावं. एकदम ओतलं तर ढीग आंबतो, कुजत नाही.

चोथ्याचे धागे वीतभर लांब असतात आणि चटईसारखे गुंततात, म्हणून आधी बारीक तोडून घ्यावेत. आकारमानानं तीन भाग चोथा, एक भाग शेणखत, सव्वा मीटर उंचीचा ढीग, दर पंधरवड्याला उलथापालथ. सहा महिन्यांत तो काळा, भुसभुशीत होतो आणि मुठीत दाबला की धागा जाणवत नाही. तोवर तो शेतात नेऊ नये. उरलेला चोथा, चिकणमाती आणि विनासा कालवून कच्च्या विटा पाडतात. धाग्यानं वीट तडकत नाही.

तोडलेल्या अर्ध्या हेक्टरवर लगेच अगावे लावू नये, कारण जुन्या मुळांत फ्युजॅरियम उरलेलं असतं. दोन वर्षं मका आणि घेवडा घ्यावा, तयार खत तिथेच पसरावं, आणि फुलायला सोडलेल्या झाडांच्या बियांची रोपवाटिका त्याच काळात लावावी. जमीन मोकळी होईल तेव्हा रोपं नेमकी 20-25 सेंटिमीटरची झालेली असतात.